पोरगं विहिरीत उतरेना : मुलांची-पुरुषांची छाती वाढते ती कशामुळं?

कोरेगावकर
१९ मे, रात्री १०:५०

विषय जरा अवघड आहे, पण इथं तोंड दिसत नाही म्हणून लिहितो.

आम्ही राहायला साताऱ्यात, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, वसना नदीच्या काठी. मे महिना म्हणजे आमच्याकडं विहीर. चुलत-मावस मिळून आठ-दहा पोरं सकाळी जी विहिरीत पडतात ती जेवायला हाका मारल्याशिवाय वर येत नाहीत. माझा मुलगा चौदाचा, आता नववीत जाईल. गेल्या वर्षापर्यंत हाच सगळ्यांत आधी काठावरून सूर मारायचा. यंदा पंपाच्या खोलीपाशी टी-शर्ट घालून नुसता बसून. विचारलं तर म्हणे पाण्यात शेवाळ आहे. दुसऱ्या दिवशी म्हणे कान दुखतोय. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, हा एवढ्या उकाड्यात आतून दोन-दोन बनियन घालतोय."

रात्री गच्चीवर त्याला एकट्याला घेऊन बसलो तेव्हा बोलला. डाव्या स्तनाग्राखाली गाठीसारखं काहीतरी आलंय, दप्तराचा पट्टा लागला तरी कळ येते. उजवीकडं थोडं कमी. छाती टी-शर्टातून टोकदार दिसते. चुलत भावांनी त्याचं नाव पाडलंय, ते इथं लिहीत नाही.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला शब्द आला तो कॅन्सर. मग घरात ज्याला त्याला उपाय सुचायला लागले. थोरला भाऊ म्हणतो चरबी आहे, रोज पहाटे अजिंक्यतारा चढव. आई म्हणते हळद-तुरटीचा लेप लावून घट्ट फडकं बांध. शेजारच्यांच्या मते सगळा दोष ब्रॉयलरचा.

हे नक्की कशानं होतं? दाखवायचं तर कुणाला? लहान मुलांच्या डॉक्टरांना, सर्जनला की कातडीच्या डॉक्टरला?

---

कंदी_पेढा
१९ मे, रात्री ११:१५

मला होतं. सातवी-आठवीत. दहावीला बसेपर्यंत गेलं. कधी गेलं तेही कळलं नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळं दोन वर्षं खांदे पुढं पाडून चालायचो. छाती गेली, पोक मात्र राहिलं. तुम्ही गच्चीवर बसून विचारलंत हेच पुष्कळ झालं.

---

फलटण_एक्स्प्रेस
२० मे, सकाळी ७:०५

शेजारी बरोबर बोलतायत. पूर्वी कुठं होतं असलं? कोंबड्यांना इंजेक्शन, म्हशींना इंजेक्शन, सोयाबीनचं तेल, सोयाबीनच्या वड्या. चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होते म्हटल्यावर पोराचं काय होणार?

---

पोवईनाका_फिजिशियन
२० मे, दुपारी २:४०

ओपीडी उरकून लिहितोय. जिल्ह्यात तीस वर्षं प्रॅक्टिस आहे आणि ही तक्रार घेऊन येणारा प्रत्येक बाप आपल्याच पोराला झालंय अशा चेहऱ्यानं येतो.

याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. शब्द ग्रीक आहे, बाई आणि स्तन या दोन शब्दांचा जोड. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याच्या लिखाणात तो सापडतो. सातव्या शतकात एका ग्रीक वैद्यानं यावरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन करून ठेवलंय. त्यामुळं "पूर्वी कुठं होतं" याला उत्तर एवढंच की पूर्वी ब्रॉयलर नव्हता, हे होतं.

कोरेगावकर, आधी एक करा. पोराला उताणं झोपवा, हात डोक्याखाली. अंगठा आणि पहिलं बोट छातीच्या दोन बाजूंना ठेवा आणि हळूहळू स्तनाग्राकडं आणा. वाटेत, अगदी स्तनाग्राच्या खाली, रबराच्या चकतीसारखं किंवा जाड बटणासारखं घट्ट काही लागलं तर ती ग्रंथीची वाढ. बोटं काही न अडता मधोमध भेटली आणि हाताला सगळं मऊच लागलं तर ती चरबी. या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, पण कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. तुमच्या भावाचा अजिंक्यतारा दुसऱ्या प्रकाराला उपयोगी. चकती किल्ला चढून विरघळत नाही.

चकती येते कशी? पुरुषाच्या अंगातही इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं म्हणतात ते हार्मोन, असतंच. त्यातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉनपासूनच, म्हणजे पुरुषी हार्मोनपासूनच, तयार होतं, ॲरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळं, आणि हे काम चरबीतही चालतं. स्तनाची ग्रंथी प्रत्येक मुलग्याला जन्मापासून असते, झोपलेली. इस्ट्रोजेन तिला उठवतं, टेस्टोस्टेरॉन झोपवून ठेवतं. तराजू इस्ट्रोजेनच्या बाजूला कलला की ती वाढते. कलायची कारणं अनेक, पण मूळ भांडण हेच.

वयात येताना हा तराजू काही महिने डळमळतो. सुमारे निम्म्या मुलांमध्ये कमी-जास्त प्रमाणात असं होतं. सगळ्यांत जास्त तेरा-चौदाव्या वर्षी. दुखतंही, विशेषतः नवीन असताना. कधी एकाच बाजूला, कधी दोन्हीकडं, एक मोठं एक लहान. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं, सतराव्या वर्षानंतर फार थोड्यांचं राहतं. चार सेंटीमीटरपेक्षा मोठं झालं तर मात्र आपोआप जाण्याची शक्यता कमी.

लेप नको. घट्ट फडकं नको. दाबून बघत बसणं तर अजिबात नको, सारखं चोळलं की दुखणं वाढतं. आणि हो, एकदा बालरोगतज्ज्ञांना किंवा फिजिशियनला दाखवाच. तिथं डॉक्टर छातीबरोबर पोराचे वृषणही तपासतील, तेव्हा गांगरू नका. त्याला घरूनच सांगून न्या. वृषणाची तपासणी न करता "काही नाही, वयाचं आहे" म्हणणाऱ्यावर मी तरी विसंबणार नाही.

आता कोंबडी. ब्रॉयलर लवकर वाढतो तो जातीमुळं आणि खाद्यामुळं, हार्मोनच्या इंजेक्शनमुळं नव्हे. हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचत बसणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? अँटिबायोटिकचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन. ते गैर आहे, जनावराचे हाल आहेत, पण दुधातून पोटात गेलं तर तिथं पचून जातं. त्यानं छाती वाढत नाही. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात हे खरं. एका साठीच्या माणसाची छाती सोया दुधानं वाढल्याची नोंद आहे, पण तो गडी रोज जवळपास तीन लिटर पीत होता. आठवड्यातून दोनदा वडीची भाजी म्हणजे तीन लिटर नव्हे.

---

फलटण_एक्स्प्रेस
२० मे, दुपारी ३:२०

डॉक्टरसाहेब, मान्य. पण ब्रॉयलरला चव नसते हे तरी मान्य करा.

---

पोवईनाका_फिजिशियन
२० मे, रात्री ९:००

त्यावर दुमत नाही.

---

कोरेगावकर
२० मे, रात्री ९:३५

बघितलं. चकती लागली. डावीकडं साधारण जुन्या पाच रुपयाच्या नाण्याएवढी, उजवीकडं आठ आण्याएवढी. पोरगं म्हणालं, "मला माहितीय, मी रोज बघतो." म्हणजे हे एकटंच अंधारात बोटांनी मोजत होतं. काय बोलावं सुचेना. शुक्रवारची वेळ घेतलीय.

---

माणदेशी_लेक
२१ मे, सकाळी ११:१०

मोठ्या मुलांचं चाललंय, पण तान्ह्या बाळांचंही सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं. मुलगा आठ दिवसांचा असताना त्याची छाती दोन्हीकडं सुजल्यासारखी झाली आणि दाबलं की दुधासारखा थेंब यायचा. अंघोळ घालायला येणारी मावशी म्हणाली, हे दूध पिळून काढलं नाही तर पुढं पोराची छाती बाईसारखी होते. आमच्याकडं हे सर्रास करतात, मुलगा असो की मुलगी. तिनं दोन दिवस पिळलं. तिसऱ्या दिवशी एक बाजू लालभडक, बाळ तापानं फणफणलं. पू झाला होता. दहिवडीहून साताऱ्याला आणलं, चिरा द्यावा लागला. तो व्रण अजून आहे.

मावशीचा राग नाही, तिनं तिच्या आईकडून शिकलेलं केलं. पण कुणाच्या घरी बाळंतीण असेल तर आजच सांगून ठेवा.

---

पोवईनाका_फिजिशियन
२१ मे, दुपारी ३:०५

माणदेशी ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. नवजात बाळांमध्ये शंभरातल्या साठ ते नव्वद जणांना थोडीफार सूज असतेच. पोटात असताना आईचं आणि वारेचं इस्ट्रोजेन बाळाला मिळालेलं असतं, त्याचा हा परिणाम. काही आठवड्यांत ओसरतं, कधी थोडं जास्त रेंगाळतं. हात लावायचा नाही, एवढाच उपचार.

---

तालमीतला_पाहुणा
२१ मे, रात्री ८:४५

माझे आजोबा वस्ताद होते. खाशाबांच्या जिल्ह्यातली माणसं आम्ही. गोळेश्वरच्या त्या गड्यानं १९५२ साली हेलसिंकीत पदक मारलं ते ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर, असं आजोबा जेवताना रोज ऐकवायचे. भाकरी नको असेल त्या दिवशीसुद्धा.

सांगायचा मुद्दा वेगळा. जुन्या पैलवानांची कुस्ती सुटली की खुराक सुटत नाही. पाचशे जोर, हजार बैठका मारणाऱ्याचं जेवण तसंच राहतं आणि मेहनत बंद. मग छाती सुटते, पोट सुटतं. ती डॉक्टर म्हणतात तशी चरबी. पण आताशा जी पोरं येतात त्यांचं निराळंच. वीस-बावीसचं पोर, दंड बघावेत तर मांडीएवढे, आणि स्तनाग्रं टोकदार. बनियन काढायला लाजतं. तालमीत लंगोटावर उतरायचं असतं, तिथं काय लपवणार? विचारलं की कळतं, आधी जिममध्ये होतं आणि तिथं "सायकल मारली". मला आधी वाटलं खरंच सायकल.

---

नवीन_आयडी_काढलाय
२२ मे, रात्री १२:२०

वरचा प्रतिसाद वाचून नवीन आयडी काढला. सायकल मारणारा मीच समजा.

वय २४. दोन वर्षांपूर्वी एका जिममधल्या ट्रेनरनं आधी पावडर दिली, मग गोळ्या, मग इंजेक्शन. बारा आठवडे टेस्टोस्टेरॉन आणि मधे डायनाबॉल नावाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, याच कोर्सला जिममध्ये सायकल म्हणतात. तीन महिन्यांत असा फुगलो की मित्र ओळखेनात. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून स्तनाग्रं खाजायला लागली, मग दुखायला लागली. ट्रेनर म्हणाला ही गोळी घे, बसेल. कसली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सायकल बंद केल्यावर वाटलं जाईल, तर उलट वाढलं. चेहऱ्यावर पुरळ, मन कशात लागेना, आणि बाकीचंही बंद, समजून घ्या. जे पुरुषी दिसायला घेतलं त्यानंच ही वेळ आणली. घरी अजून माहीत नाही.

टेस्टोस्टेरॉन घेऊन इस्ट्रोजेनचा त्रास कसा होतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

---

पोवईनाका_फिजिशियन
२२ मे, दुपारी २:५५

बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन आलं की त्यातलं बरंचसं ॲरोमाटेजच्या तोंडी पडून इस्ट्रोजेन होतं. ही पहिली चपराक. दुसरी अशी की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे, वृषणांनी कशाला राबायचं? ती हुकूम द्यायची थांबते आणि वृषण आकसतात. मग इंजेक्शन बंद झालं की बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. तेव्हा तराजू पुरता उलटतो. म्हणून तुमचं बंद केल्यावर वाढलं. वृषण जागे व्हायला महिने लागतात, काहींना वर्ष. वृषण "उठवायला" म्हणून जे एचसीजीचं, म्हणजे गरोदरपणातल्या एका हार्मोनचं, इंजेक्शन देतात त्यानंही छाती वाढू शकते.

ट्रेनरनं दिलेली निनावी गोळी बहुधा टॅमॉक्सिफेन असेल. ते स्तनाच्या कर्करोगाचं औषध आहे. या त्रासात आम्हीही ठरावीक रुग्णांना देतो, पण तपासण्या करून, मोजून. शिवाय औषधाचा उपयोग पहिल्या वर्षभरातच, ग्रंथी ताजी असेपर्यंत. नंतर तिच्यात तंतू तयार होऊन ती निबर होते, मग औषध हात टेकतं. दोन वर्षं झाली असतील तर हार्मोनच्या तपासण्या करून घ्या, वीर्याची तपासणीही. आणि घरी सांगा. एकट्यानं हे निस्तरण्यासारखं नाही.

---

आयुर्_रत्न_सातारा
२२ मे, सायंकाळी ६:१०

[हा प्रतिसाद जाहिरात असल्यामुळं काढून टाकला आहे. दुसरी ताकीद. – व्यवस्थापन]

---

कंदी_पेढा
२२ मे, सायंकाळी ६:३०

मी वाचला होता. सात दिवसांत छाती सपाट, नाहीतर पैसे परत. कुरिअर खर्च वेगळा.

---

राजवाडा_चौपाटी
२३ मे, सकाळी ९:५०

माझ्या वडिलांचं वय ७२. हृदय अशक्त झालंय, पायावर सूज यायची. गेल्या दिवाळीपासून लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू आहे. आता दोन्ही बाजूंनी छाती वाढलीय आणि शर्टाचं बटण घासलं तरी दुखतं. वडील जुन्या वळणाचे, डॉक्टरला सांगायला तयार नाहीत. "या वयात कुणाला दाखवायचंय?" म्हणतात. आईच्या तोंडून मला कळलं. गोळी बंद करू का?

---

पोवईनाका_फिजिशियन
२३ मे, दुपारी ३:१५

गोळी बंद करू नका. परत लिहितो, तुमची तुम्ही बंद करू नका. पाकिटावर स्पायरोनोलॅक्टोन असं नाव असेल तर कारण बहुतेक तेच. हृदयरोगावरचा याचा मोठा अभ्यास १९९९ साली आला. त्यात गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना छाती वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १ टक्क्याला. पण त्याच अभ्यासात या गोळीनं माणसं वाचली, हेही दिसलं. तिचीच बहीण म्हणावी अशी एप्लेरेनोन नावाची गोळी आहे, तिच्यात हा त्रास बराच कमी. बदल करायचा की नाही ते वडिलांचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त वडिलांच्या वतीनं तोंड उघडा.

माझ्याकडं पन्नाशीपुढचा माणूस ही तक्रार घेऊन आला की मी आधी गोळ्यांचा डबा मागतो. प्रोस्टेटसाठी किंवा केस गळतात म्हणून दिलेली फिनॅस्टेराइड, ड्यूटास्टेराइड. प्रोस्टेटच्या कर्करोगातली बायकाल्युटामाइड, हिच्यात तर फारच सर्रास. आम्लपित्तावरची जुनी सिमेटिडीन, उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या, बुरशीवरची किटोकोनॅझोल, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन. बीपीच्या काही गोळ्यांनीही क्वचित. टीबीच्या आयसोनियाझिडनं झालेले एखाद-दुसरे रुग्ण मी पाहिलेत. टीबीची गोळी छातीसाठी सोडलीत तर छातीच उरणार नाही, हे लक्षात ठेवा.

डबा निर्दोष निघाला तर मग यकृत. रोज पिणाऱ्याचं यकृत निकामी होतं तेव्हा इस्ट्रोजेनचा निचरा होत नाही. दारू वृषणालाही मारते, म्हणजे दोन्हीकडून मार. तळहात लाल, पोटात पाणी, छाती बाईसारखी, असा माणूस दारातून आत आला की निदान निम्मं झालेलं असतं. मूत्रपिंड निकामी झालेले, डायलिसिसवरचे रुग्ण. थायरॉइड जास्त चालणारे. मोठ्या वयात गालगुंड होऊन वृषण सुकलेले. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही वृषण असेच जातात. उमेदवारीच्या काळात असे रुग्ण पाहिले, आता क्वचित.

एक अवांतर. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या, उपाशी राहिलेल्या कैद्यांना पोटभर अन्न मिळायला लागल्यावर पुष्कळांची छाती वाढली होती. उपासमारीत बंद पडलेलं हार्मोनचं यंत्र पुन्हा सुरू होताना अगदी वयात येतानासारखंच डळमळतं. शरीर दुसऱ्यांदा वयात येतं म्हणा ना.

---

निळा_रुमाल
२३ मे, रात्री १०:२५

मी अपशिंग्याजवळचा. आमच्या भागात पोरगं चालायला लागलं की भरतीची तयारी सुरू. सैन्य नाही तर पोलीस. रनिंग निघालं, लेखी निघाली आणि मेडिकलला शर्ट काढल्यावर डॉक्टरनं दोन बोटांनी चिमूट धरून बघितलं आणि कागदावर लिहिलं गायनेकोमॅस्टिया. तात्पुरता अनफिट. तो शब्द मला वाचता पण येईना. बाहेर येऊन बघतो तर माझ्यासारखी अजून दोघं. एक वाळव्याचा, एक माणचा. तिघांनी मिळून चहा घेतला.

आपल्याकडं काय आहे, छाती किती सेंटीमीटर फुगते ते सगळे मोजतात. पोलीसला ७९ आणि फुगवून ५ जास्त, हे पाठ. पण छातीवर दुसरं काही आहे का हे अकॅडमीत कुणी बघत नाही. मला सोळाव्या वर्षापासून होतं. जोर काढून जाईल म्हणून जोर काढत राहिलो. खालचा स्नायू वाढला आणि चकती अजूनच पुढं आली.

ऑपरेशन मिरजेत केलं. स्तनाग्राच्या काळ्या कडेवर अर्धगोल छेद देतात, आतली चकती काढतात, आजूबाजूची चरबी नळीनं ओढतात. त्याच दिवशी घरी सोडलं. पुढं काही आठवडे घट्ट जाकीट घालायचं, वजन उचलायचं नाही. डाव्या बाजूला जरा बधिर होतं, आता कमी झालंय. विमा होता, पण त्यांनी कॉस्मेटिक आहे म्हणून हात वर केले. वडिलांनी एक बैल विकला. हे लिहायचं नव्हतं, पण आलं.

पुन्हा मेडिकलला पास झालो. आता ट्रेनिंगला आहे, सुट्टीवरून लिहितोय. भरती करणाऱ्या पोरांनी आधी सतरा-अठराव्या वर्षी स्वतः तपासून घ्यावं. तिथं जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

---

तालमीतला_पाहुणा
२३ मे, रात्री १०:४०

जवान, बैलाचं लिहिलंत ते बरं केलंत. पहिल्या पगारात काय आणताय वडिलांना?

---

निळा_रुमाल
२३ मे, रात्री १०:५२

बैलच.

---

उंच_माणूस
२५ मे, रात्री ११:४५

सहा फूट एक इंच. पाय लांब, दाढी विरळ, छाती शाळेपासून अशीच. कुणी कधी काही म्हटलं नाही, फक्त चिडवलं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल होईना. बायकोच्याच तपासण्या चालू होत्या, आपल्याकडं सुरुवात तिथूनच होते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मला शर्ट काढायला सांगितला आणि रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. ४७, एक्सएक्सवाय. क्लाइनफेल्टर सिंड्रोम. १९४२ साली ज्या अमेरिकन डॉक्टरनं वर्णन केलं त्याचं नाव.

वय ३१ होतं तेव्हा. वयाच्या पंधराव्या वर्षी कुणी वृषण तपासले असते तर कळलं असतं, कारण ते लहान राहतात. टेस्टोस्टेरॉन चालू केल्यावर अंगात ताकद आली, हाडंही ठिसूळ होत चालली होती ती सावरली. मुलाचं वेगळ्या मार्गानं बघतोय. कोरेगावकर, तुमच्या मुलाला हे असेल असं अजिबात म्हणत नाही. वर डॉक्टरांनी वृषण तपासण्याबद्दल लिहिलंय त्याला दुजोरा द्यायला आलो.

---

पोवईनाका_फिजिशियन
२६ मे, दुपारी ३:३०

पाचशे ते हजार मुलग्यांत एकाला असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. क्लाइनफेल्टर असणाऱ्यांना पुरुषांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो, तेव्हा अधूनमधून स्वतः हात लावून बघत चला.

वृषण तपासायचं दुसरं कारण गाठ. वृषणातल्या काही गाठी स्वतःच एचसीजी किंवा इस्ट्रोजेन सोडतात आणि तिकडची गाठ कळायच्या आधी छाती वाढलेली दिसते. विशी-तिशीतल्या मुलाची छाती काही आठवड्यांत झपाट्यानं वाढली तर वृषणाची सोनोग्राफी आणि रक्तातलं एचसीजी, यात चालढकल नको. वेळेत सापडली तर ही गाठ बहुतांशी बरी होते.

---

कृष्णामाई
२७ मे, दुपारी १२:१०

मी दोन दिवस विचार करत होते लिहू की नको. माझे यजमान ५८ वर्षांचे होते. उजव्या बाजूला स्तनाग्राच्या थोडं वर, बाहेरच्या अंगाला, खडा. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून वर्षभर गप्प. नंतर स्तनाग्र आत ओढलं गेलं आणि बनियनला रक्ताचा डाग. मला वाटलं उष्णतेची पुळी असेल, मीच बोरिक लावत बसले. पुरुषाला तिथला कर्करोग होतो हेच आम्हाला दोघांना माहीत नव्हतं. आता ते नाहीत. त्यांच्या बहिणीलाही होता. हे दोन धागे आम्ही कधी जोडलेच नाहीत.

---

पोवईनाका_फिजिशियन
२७ मे, सायंकाळी ५:००

ताई, काय लिहू. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत पुरुषांचा वाटा सुमारे एक टक्का, म्हणून कुणाच्या ध्यानीमनी नसतं. बाकीच्यांसाठी फरक एवढा : साधी वाढ स्तनाग्राच्या बरोबर खाली, मधोमध, रबरी, हलणारी आणि बहुधा दुखरी. कर्करोगाची गाठ एका अंगाला, दगडासारखी, चिकटलेली, बहुधा न दुखणारी. कातडी ओढली जाणं, रक्त येणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर तो दिवस टाळू नका. घरात बहीण, आई, आत्या यांना झालेला असेल तर पुरुषांनीही सावध राहावं, कारण हा धोका वाढवणारं जनुक बापाकडूनही येतं आणि मुलग्यांकडंही जातं.

---

कोरेगावकर
८ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, माफ करा. उशिरा लिहितोय.

त्या शुक्रवारी दाखवलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, वृषणही. पोराला आधीच सांगितलं होतं, त्यामुळं लाजलं पण घाबरलं नाही. उलट डॉक्टरांनाच विचारलं, "अजून किती जणांना असतं?" डॉक्टर म्हणाले, "तुझ्या वर्गातल्या प्रत्येक बाकावर एकाला, फक्त सांगत कुणी नाही." त्या एका वाक्यानं जे काम झालं ते माझ्या महिनाभराच्या समजावण्यानं झालं नसतं. रक्त तपासायचीसुद्धा गरज नाही म्हणाले, वाढ वयाला धरून आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, बस.

परवा मोजलं, मी नाही, त्यानंच. डावीकडची चकती थोडी कमी झालीय म्हणतो. दुखायचं थांबलंय.

थोरल्या भावाशी माझं भांडण झालं. त्याच्या पोरानं नाव पाडलं होतं आणि तो हसला होता. भांडणात असं निघालं की त्याला स्वतःला चौदाव्या वर्षी हेच होतं. आईला आठवत होतं. तीस वर्षांपूर्वी तिनं त्याला लेप लावून फडकं बांधलं होतं, म्हणून "गेलं". भाऊ काही बोलला नाही, उठून गोठ्यात गेला.

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. पोरगं विहिरीत उतरलं. टी-शर्ट घालूनच. मागोमाग भावाचा पोरगाही उतरला, तोही टी-शर्ट घालून. कुणी काही बोललं नाही.

---

कंदी_पेढा
८ ऑगस्ट, रात्री ९:२०

ऑगस्टात विहीर काठोकाठ असेल. भिजलेल्या टी-शर्टात पोहणं जड जातं, लक्ष ठेवा.